लेबलवरचा नंबर आणि पट्ट्यातला नंबर

अमेरिकन ब्लूज गायक आर्थर ‘बिग बॉय’ क्रडपच्या ‘दॅट्स ऑल राइट’ या गाण्याची जुनी ग्रामोफोन तबकडी मी घेतली तेव्हा विकणाऱ्याने लिहिलं होतं, ‘१९४६ची मूळ प्रत’. पुराव्यादाखल त्याने तबकडीच्या आतल्या कोऱ्या पट्ट्याचा फोटो जोडला होता. त्यात ‘डी६-व्हीबी’ने सुरू होणारा नंबर स्वच्छ दिसत होता. आरसीए व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीच्या पद्धतीत डी६ म्हणजे १९४६, हे मलाही पाठ होतं. पैसे दिले. तबकडी घरी आल्यावर लेबल वाचलं: २०-२२०५. हा नंबर बाजारात आला १९४७मध्ये. म्हणजे गाणं ४६चं खरं, पण ४६ साली ही तबकडी कुठल्याच दुकानात मिळत नव्हती. विकणाऱ्याने फसवलं असं मी म्हणणार नाही. त्याने दोन नंबरांची गल्लत केली, आणि मी ती डोळे उघडे ठेवून विकत घेतली.

अमेरिकन रिदम अँड ब्लूजच्या, म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय संगीताच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या जमवणारा माणूस या खड्ड्यात एकदा तरी पडतोच. या तबकड्यांवर साल छापायची रीतच नव्हती. मग हाताशी उरतात ते नंबर, आणि ते दोन असतात.

एक कॅटलॉग नंबर. तो लेबलवर, कंपनीच्या नावाजवळ ठळक छापलेला असतो. हा दुकानाचा नंबर. ज्यूकबॉक्सवाला (नाणं टाकलं की गाणं वाजवणारी यंत्रं चालवणारा) ऑर्डर देताना गाण्याचं नाव सांगत बसत नसे, कंपनीचं नाव आणि नंबर, ‘किंग ४२१०चे इतके नग’ म्हणायचा आणि काम व्हायचं. दुसरा मॅट्रिक्स नंबर. तो लेबलवर गाण्याच्या नावाखाली बारीक टाइपात, बहुतेकदा कंसात असतो. शिवाय शेवटची रेघ आणि लेबल यांच्यामधल्या कोऱ्या पट्ट्यात कोरलेला किंवा ठोकलेला असतो. हा कारखान्याचा नंबर. स्टुडिओत गाणं झालं की त्या मूळ तबकडीवर तो टाकायचा, मग त्या तबकडीवर धातूचा थर चढवून साचा तयार व्हायचा आणि त्या साच्यातून निघणाऱ्या प्रत्येक प्रतीवर तो नंबर आपोआप उमटायचा. मागे -१, -२ असा आकडा असेल तर तो बहुधा कितव्यांदा गायलं, म्हणजे टेक, त्याचा.

कुठला कोणता हे कळत नसेल तर तबकडी उलटी करा. दोन्ही बाजूंना तोच राहिला तर कॅटलॉग नंबर. बाजूगणिक बदलला तर मॅट्रिक्स. एवढं साधं आहे, तरी याद्यांमधून ‘मॅट्रिक्स’च्या रकान्यात कॅटलॉग नंबर आणि उलट, हे रोज दिसतं.

आपल्याकडच्या माणसाला हा फरक खरं तर पटकन कळायला हवा. गावाकडच्या कितीतरी म्हाताऱ्यांचा वाढदिवस १ जूनला असतो. जन्म कधीचा का असेना, शाळेत नाव घातलं तेव्हा गुरुजींनी १ जून लिहिली आणि तीच दाखल्यावर चढली. मॅट्रिक्स नंबर ही घरातल्या आजीला आठवणारी तारीख, ‘पोळ्याच्या आदल्या रात्री झाला’ अशी. कॅटलॉग नंबर म्हणजे शाळेतली. दोन्ही खोट्या नाहीत. फक्त दोघी वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात.

आणि या दोन तारखांमध्ये किती अंतर असावं याला काही धरबंध नाही. एल्व्हिस प्रेस्लीने क्रडपचंच गाणं मेम्फिसला सन कंपनीत ५ जुलै १९५४ला म्हटलं आणि सन २०९ ही तबकडी १९ जुलैला बाजारात आली. चौदा दिवस! याउलट एमोस मिलबर्नचं ‘चिकन शॅक बूगी’ घ्या. ध्वनिमुद्रण १९ नोव्हेंबर १९४७चं, अलॅडिन ३०१४ म्हणून बाहेर आलं १९४८चा बराचसा भाग सरल्यावर. गाणं एवढं चालणारं होतं की ते वर्ष संपता संपता बिलबोर्ड या संगीत-साप्ताहिकाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. मग आधी दाबून का ठेवलं?

इथे पेट्रिलो आडवा येतो. जेम्स पेट्रिलो हा अमेरिकन वादकांच्या संघटनेचा अध्यक्ष. रेकॉर्ड वाजायला लागल्या तसा वादकांच्या पोटावर पाय येतोय, असं म्हणून त्याने दोनदा ध्वनिमुद्रण बंद पाडलं. पहिली बंदी १ ऑगस्ट १९४२पासून. डेका कंपनी १९४३मध्ये तडजोडीला आली, व्हिक्टर आणि कोलंबिया मात्र नोव्हेंबर १९४४पर्यंत अडून राहिल्या. दुसरी बंदी १ जानेवारी १९४८ ते १४ डिसेंबर १९४८. दुसऱ्या वेळी कंपन्या शहाण्या झाल्या होत्या. १९४७चे शेवटचे महिने स्टुडिओ रात्रंदिवस चालवून त्यांनी वर्षभराचा साठा करून ठेवला, जसं पावसाळ्याआधी घरात धान्य, पापड-कुरडया भरून ठेवतात तसा. सिनसिनाटीत किंग कंपनीने वायनोनी हॅरिसचं ‘गुड रॉकिन टुनाइट’ २८ डिसेंबर १९४७ला, म्हणजे बंदीला चार दिवस असताना, उरकून घेतलं. तबकडी आली १९४८मध्ये.

म्हणून १९४८ची रिदम अँड ब्लूजची तबकडी हातात आली की मी आधी पट्ट्याकडे बघतो. कॅटलॉग नंबर १९४८चा असला तरी मॅट्रिक्स नंबर बरेचदा आदल्या वर्षात जाऊन बसतो. उरलेल्या काही गोष्टी संघटनेच्या नजरेआडच्या. जॉन ली हूकरचं ‘बूगी चिलन’ डेट्रॉइटला सप्टेंबर १९४८मध्ये, म्हणजे भर बंदीत मुद्रित झालं आणि मॉडर्न ६२७ म्हणून नोव्हेंबरात विक्रीला आलं. गाणारा एकटा, हातात गिटार, पाय फळीवर आपटून ताल. वाद्यवृंदच नाही तर बंदी पाळायची कुणी? आणि बंदी उठल्याच्या दुसऱ्याच दिवशी, १५ डिसेंबरला, त्याच डेट्रॉइटमध्ये पॉल विल्यम्सने सॅव्हॉय कंपनीसाठी ‘द हकलबक’ वाजवलं. ते जानेवारी १९४९मध्ये दुकानात. नुसत्या कॅटलॉग नंबरांवर गेलात तर १९४८ हे नेहमीसारखं वर्ष वाटेल. त्या वर्षीचे मुके स्टुडिओ दिसतात ते मॅट्रिक्समध्येच.

पहिल्या बंदीच्या काळातल्या तबकड्यांवर आणखी एक खूण असते, ती नंबरात नाही, कानाला कळते. ही तबकडी शेलॅकची, आणि शेलॅक म्हणजे आपली लाख. पळस, बोर, कुसुमाच्या फांद्यांवरचा किडा तयार करतो ती. सुतार स्पिरिटमध्ये चपडा लाख विरघळवून पॉलिश करतो ती. छोटा नागपूरच्या जंगलातून ती जहाजाने अमेरिकेला जायची. युद्धात जहाजं कमी पडली आणि लष्करालाही लाख हवी होती, म्हणून १९४२च्या एप्रिलमध्ये अमेरिकन सरकारने रेकॉर्ड कंपन्यांच्या शेलॅकवर जबर कात्री लावली. नवी तबकडी हवी तर जुनी परत द्या, असंही दुकानांतून सुरू झालं. ती जुनी भरडून नवीत घालायची. त्या वर्षांतल्या कित्येक तबकड्या म्हणूनच तळणीत मोहरी टाकल्यासारख्या तडतडतात. (याच कारणाने पट्टा पुसायला स्पिरिट कधी वापरू नका. घाण निघते, आणि तिच्यासोबत तबकडीही निघते.)

आता मॅट्रिक्स वाचण्याकडे. सगळ्यात बोलका तो आरसीए व्हिक्टरचा, आणि सगळ्यात फसवाही तोच. १९४०च्या दशकाला डी, पुढचा आकडा वर्षाचा: डी६ म्हणजे १९४६, डी७ म्हणजे १९४७, डी९ म्हणजे १९४९. मग ई० म्हणजे १९५०, आणि असं ई४पर्यंत, १९५४. इथपर्यंत पोरखेळ. १९५५ला मात्र पद्धत बदलली. आता नुसतं अक्षरच वर्ष सांगू लागलं: एफ १९५५, जी १९५६, एच १९५७. पाठचा आकडा वर्षाचा राहिलाच नाही. एल्व्हिसच्या ‘हार्टब्रेक हॉटेल’च्या ७८च्या तबकडीवर जी२डब्ल्यूबी-०२०९ आहे. जुन्या सवयीने वाचणारा इथे ‘२’ला वर्ष समजतो आणि डोकं खाजवत बसतो. ते १० जानेवारी १९५६चं मुद्रण आहे. वर्ष सगळं त्या ‘जी’त आलं. शेवटचं अक्षरही बघण्यासारखं: ७८च्या दहा इंचीवर ‘बी’, त्याच गाण्याच्या ४५ फेऱ्यांच्या तबकडीवर ‘डब्ल्यू’.

आरसीए दुसऱ्या छोट्या कंपन्यांच्या तबकड्याही काढून द्यायची आणि त्यांवरही तशाच धर्तीचे नंबर घालायची. तिथे ते वर्ष साचा आरसीएकडे तयार झाल्याचं. गाणं त्याआधी कुठल्यातरी गावातल्या स्टुडिओत झालेलं असू शकतं. तेव्हा अक्षर ओळखीचं दिसलं म्हणून लगेच टाळी वाजवू नये.

अक्षरांवर भरवसा ठेवू नये याचं माझं आवडतं उदाहरण ‘यू’. शिकागोच्या चेस कंपनीच्या सुरुवातीच्या तबकड्यांवर यू-७०००च्या घरातले नंबर दिसतात. तो यू युनिव्हर्सल रेकॉर्डिंग या शिकागोच्या स्टुडिओचा. सनच्या तबकड्यांवरही यू आहे: एल्व्हिसच्या सन २०९च्या दोन बाजू यू-१२८ आणि यू-१२९. या यूचा त्या यूशी काडीचा संबंध नाही, ती सनची स्वतःची रांग. पीकॉकच्या तबकड्यांवरचं एसीए हे ह्यूस्टनच्या बिल हॉलफर्डच्या स्टुडिओचं. प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी शिकावी लागते, आणि ती पुस्तकी पाठांतराने येत नाही. तबकड्या हाताळून येते.

मग कॅटलॉग नंबर तरी सरळ आहे का? तोही फारसा नाही. चेसची पहिली तबकडी १४२५ नंबरची. त्याआधी त्यांनी १४२४ तबकड्या काढल्या असं समजू नका. तो चेस बंधूंच्या शिकागोतल्या जुन्या घराचा नंबर, कारलोव्ह रस्त्यावरचा. १९५०च्या जूनमध्ये ॲरिस्टोक्रॅटचं नाव बदलून कंपनी चेस झाली आणि मोजणी तिथून लागली. दुसरी तबकडी १४२६, मडी वॉटर्सची. शिवाय मोठ्या कंपन्या नंबरांचे गट पाडायच्या, कुठल्या गाण्याला कुठला गट ते ठरलेलं. डेकाचा कृष्णवर्णीयांसाठीचा ८५००पासूनचा, पुढे ४८०००चा. मर्क्युरीचा ८०००चा. किंगमध्ये ४०००च्या घरात रिदम अँड ब्लूज, गोऱ्यांची कंट्री गाणी वेगळीकडे. आरसीएची २२-०००० ही रांग १९४९ला सुरू झाली. त्याआधीचा क्रडप २०-च्या सर्वसाधारण रांगेत बसतो, आणि म्हणून माझ्या तबकडीवर २०-२२०५. गंमत म्हणजे १९४९च्या मार्चमध्ये आरसीएने ४५ फेऱ्यांची तबकडी बाजारात आणली तेव्हा रिदम अँड ब्लूजच्या रांगेतला पहिला मान त्याच गाण्याला मिळाला. नंबर ५०-००००, रंग लालसर नारिंगी. एकच गाणं, एकच मुद्रण, आणि दोन कॅटलॉग नंबर.

‘रिदम अँड ब्लूज’ हे नावही त्याच वर्षी, २५ जून १९४९ला, बिलबोर्ड साप्ताहिकाने आपल्या यादीला दिलं. त्याआधी तिथे ‘रेस रेकॉर्ड्स’, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या तबकड्या, असं होतं. तेव्हा १९४७च्या तबकडीला आपण आज रिदम अँड ब्लूज म्हणतो ते मागाहून दिलेलं नाव आहे, माझ्या क्रडपच्या काळात ती ‘रेस’च होती.

एवढं करून दोन तारखा हाती येतात: गाणं कधी झालं, आणि बाजारात कधी आलं. हातातली प्रत कारखान्यातून कधी निघाली, हे दोन्हींत नाही. चालणारं गाणं तोच कॅटलॉग नंबर आणि तोच मॅट्रिक्स ठेवून वर्षानुवर्षं छापलं जाई. तिथे तिसरी खूण शोधायची: लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्याचा पट्ट्यातला छोटा त्रिकोण. सन २०९ मेम्फिसच्या कारखान्यातही निघाली आणि मोनार्कमध्येही. दोन्हींवर यू-१२८ आहे, पण त्रिकोण फक्त कॅलिफोर्नियातल्या प्रतीवर. पुढे मोनार्क त्रिकोणाशेजारी चढत्या क्रमाने आकडेही घालू लागला, तेव्हा साचा कधीचा याचा अंदाज बराच जवळचा येतो.

पट्टा वाचायचा तो दिवसा उजेडी नव्हे. रात्री, खोलीतले दिवे बंद करून, टेबललॅम्प अगदी खाली ओढून. तबकडी दोन तळहातांच्या कडांवर धरून हळूहळू फिरवायची. ठोकलेला नंबर सावलीत चटकन उभा राहतो. हाताने खरवडलेला मात्र एका विशिष्ट तिरकसपणावरच दिसतो आणि क्षणात परत नाहीसा होतो, तेवढ्यात तो कागदावर उतरवायचा. मग कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा ग्रंथालयाची जुन्या अमेरिकन मुद्रणांची सूची उघडायची, तिथे मॅट्रिक्सवरून मुद्रणाचा दिवस सापडतो. बाजारात कधी आली ते बिलबोर्डच्या जुन्या अंकांतल्या जाहिराती आणि परीक्षणं सांगतात.

माझ्या वहीत आता दर तबकडीला तीन रकाने आहेत. क्रडपच्या ओळीत पहिल्यात ६ सप्टेंबर १९४६, शिकागो. दुसऱ्यात १९४७. तिसरा अजून कोरा आहे. पेन्सिलीने तिथे फक्त एवढंच लिहिलंय, ‘त्रिकोण नाही’.