विजेपासून सुरू होऊन पुन्हा विजेकडे: एट्रियल फिब्रिलेशनच्या अ‍ॅब्लेशनची पार्श्वभूमी

एट्रियल फिब्रिलेशन म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची विस्कळीत, अनियमित धडधड; अ‍ॅब्लेशन म्हणजे तिला कारण ठरणारी हृदयातली जागा मुद्दाम निकामी करणं. त्यासाठी कोणतं अ‍ॅब्लेशन चांगलं, या वादात दोन प्रश्न मिसळलेले असतात: जाळायचं कुठे आणि कशाने?

पूर्वी समज असा होता की हृदयाच्या वरच्या कप्प्यांत विजेच्या अनेक लहरी एकाच वेळी भटकत असतात. त्या अडवायला सेंट लुईसचे सर्जन जेम्स कॉक्स यांनी १९८७ मध्ये छाती उघडून कर्णिका (हे वरचे कप्पे) ठिकठिकाणी कापल्या आणि पुन्हा शिवल्या. व्रणांच्या त्या भूलभुलैयामुळे शस्त्रक्रियेला ‘मेझ’ नाव पडलं. कॅथेटरने, म्हणजे रक्तवाहिनीतून हृदयात नेलेल्या बारीक नळीने, तिची नक्कल करायला गेलेल्यांचे तासन्‌तास त्यात गेले.

१९९८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दो इथे हृदयतज्ज्ञ मिशेल हायसागेर यांच्या गटाने ४५ रुग्णांत ठिणगी कुठे पडते हे शोधलं. सापडलेल्या ६९ जागांपैकी ६५ जागा फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांमध्ये होत्या, तोंडापासून २ ते ४ सेंटिमीटर आत. पण आतच जाळलं, तर शीर आकसू लागली. म्हणून डॉक्टर बाहेर सरकले आणि शिरेच्या तोंडाभोवती कडं करू लागले. ‘कुठे’ हा प्रश्न निदान अधूनमधून येणाऱ्या फिब्रिलेशनपुरता तरी तिथे मिटला.

उरलं ‘कशाने’. रेडिओफ्रिक्वेन्सीचं, म्हणजे उष्णतेने भाजून केलेलं, कडं एकेक ठिपका जोडत करावं लागतं; मध्ये फट राहिली की वीज तिथूनच निसटते. क्रायोबलूनचा फुगा शिरेच्या तोंडाशी बसवून गोठवला, की जमल्यास सगळं कडं एका दमात होतं. २०१६ मध्ये ‘फायर अँड आइस’ चाचणीत ७६२ रुग्णांवर दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. गुण साधारण सारखाच आला. खरा फरक शेजाऱ्यांच्या बाबतीत: उष्णतेची भीती मागे टेकलेल्या अन्ननलिकेला, थंडीची श्वासपटलाच्या नसेला.

इथे पल्स्ड फील्ड, म्हणजे विजेचे अतिलघु स्पंद देण्याची पद्धत, आली. गंमत म्हणजे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला माणसावरची पहिली कॅथेटर अ‍ॅब्लेशनं विजेच्या झटक्यानेच झाली होती. झटक्यातून उठणाऱ्या दाबलहरीने आसपास इजा होई, म्हणून ती मागे पडली. आताचे स्पंद मायक्रोसेकंदांचे. ते पेशींच्या आवरणाला छिद्रं पाडतात आणि हृदयाचे स्नायू त्यांना शेजारच्या ऊतींआधी बळी पडतात. २०२३ च्या ‘अ‍ॅडव्हेंट’ चाचणीत ६०७ रुग्णांमध्ये ही पद्धत उष्णता-थंडीच्या जुन्या पद्धतींपेक्षा कमी पडली नाही, आणि वेळही कमी लागला. तिची दुखणी मात्र वेगळी निघाली: हृदयाला रक्त पुरवणारी धमनी अचानक आकसणं, आणि फार स्पंद दिले तर तांबड्या पेशी फुटून मूत्रपिंडावर येणारा ताण.