केळीला बी का नसतं? मोबाईल पालथा ठेवून सांग

चोपडा तालुक्यात बारावीला जीवशास्त्र शिकवताना एक उत्तर रोज कानावर पडतं : "समजनं सर." अर्धगुणसूत्री विभाजनाचा, म्हणजे पराग-बीजांडं घडताना गुणसूत्रं निम्मी होतात त्या पेशीविभाजनाचा, व्हिडिओ नुकताच संपलेला असतो. रंगीत गुणसूत्रं जोड्या लावून मध्यावर आलेली, दोन टोकांना ओढली गेलेली. सगळं लख्ख दिसतं. मग मी मोबाईल पालथे ठेवायला लावतो आणि विचारतो, तुमच्या शेतातल्या केळीला बी का नाही?

वर्ग गप्प होतो. दरवर्षी घरी केळीचे कंद किंवा टिश्यू कल्चरची रोपं लावणारी ही पोरं आहेत. आपली ग्रँड नैन केळ त्रिगुणित असते. 11 गुणसूत्रांचे तीन संच, एकूण 33. विभाजनात जोड्या लागायच्या असतात, इथं तिसऱ्याला जोडीदारच नाही. वाटणी विषम होते, पराग आणि बीजांडं बहुतेक वांझ निघतात. फळ मात्र फलनाशिवायच धरतं. नुकताच पाहिलेला व्हिडिओ या केळीपर्यंत नेता आला, तरच तो समजला म्हणायचा.

पाहताना ओळखीचं वाटणं वेगळं आणि न पाहता आठवणं वेगळं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये हा फरक मोजून दाखवला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. इतरांनी एकदा वाचून, तो मिटून, आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी दोनदा वाचणारे पुढे होते, 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्यानंतर चित्र उलटलं : दोनदा वाचणाऱ्यांना 42 टक्के आठवलं, लिहून पाहणाऱ्यांना 56. घात करतात ती ही पहिली पाच मिनिटंच, कारण तेवढ्यावरच पोरं समाधान मानतात.

आपलं शिकणं आपणच हाकण्याला मानसशास्त्रात स्वनियमन म्हणतात. बॅरी झिमरमन यांनी त्याचे तीन टप्पे मांडले : आधी ठरवणं, करताना लक्ष ठेवणं, नंतर तपासणं. ऑनलाइन साहित्याचा खरा उपयोग मला इथं दिसतो. वर्गात मी थांबत नाही, व्हिडिओ थांबवता येतो. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की 'दीक्षा' या सरकारी शैक्षणिक ॲपवरचं साहित्य हाती येतं, तेही आपल्या सवडीनं. आमच्याकडे ही सवड फार मोलाची. शेतीची लाईट रात्रीची असली की मुलं मोटार चालू करायला जातात आणि सकाळी वर्गात डुलक्या घेतात. त्यांना 'रोज दोन तास अभ्यास' सांगून काय होणार?

म्हणून मी तीनच गोष्टी करायला सांगतो. व्हिडिओ लावण्याआधी वहीत एक प्रश्न लिहा. मध्येच थांबवून पुढची आकृती स्वतः काढा, मग ताडून पाहा. चार दिवसांनी कोऱ्या पानावर तीच आकृती पुन्हा, आणि चुकलेल्या जागी लाल पेनानं खूण. पहिल्या आठवड्यात मुलं वैतागतात. आकृती चुकते, आपल्याला काहीच येत नाही असं वाटतं. त्या दिवसांत शिक्षकानं जवळ बसायला हवं, मार्क न देता.

मागच्या आठवड्यात एका मुलीच्या वहीत, व्हिडिओच्या आधी लिहिलेला प्रश्न होता : रानकेळीत बिया भरलेल्या असतात, मग तिच्यात गुणसूत्रांचे संच किती?




खाली तिनंच नंतर लाल पेनानं लिहिलं होतं, "दोन. जोड्या लागतात."