अँटिक ट्रॅक्टर पुलिंग आणि त्यासाठी जुन्या ट्रॅक्टरमध्ये केले जाणारे बदल

अँटिक ट्रॅक्टर पुलिंग म्हणजे जुन्या शेतीच्या ट्रॅक्टरला वजनाची स्लेड (जमिनीला घासत जाणारी गाडी) जोडून ती मातीच्या ट्रॅकवर जास्तीत जास्त लांब ओढायची स्पर्धा. खेळ मूळचा अमेरिकेतल्या मिडवेस्टचा (मध्य-उत्तरेकडच्या शेतीच्या राज्यांचा), नंतर कॅनडात आणि युरोपातही पसरला. अमेरिकेतल्या बऱ्याच क्लबांत १९५७ किंवा त्याआधी बनलेला ट्रॅक्टर अँटिक धरतात, काही ठिकाणी ही रेषा १९६० पर्यंत ओढलेली आहे. टीव्हीवर दिसणारे तीन-चार इंजिनवाले, आग ओकणारे ट्रॅक्टर हा वेगळा खेळ, त्याचा इथे संबंध नाही. इथे बघायला मिळतात फार्मॉल एम, फार्मॉल एच, जॉन डिअर ए आणि जी, ऑलिव्हर ८८, अ‍ॅलिस-चामर्स डब्ल्यूडी ४५, मॅसी-हॅरिस ४४ असले, कधीकाळी खरोखर नांगरट केलेले ट्रॅक्टर.

सुरुवात घोड्यांपासून झाली. कुणाची जोडी जास्त वजन ओढते हे ठरवायला दगड भरलेली लाकडी पाटी किंवा गोठ्याचं काढलेलं दार जमिनीवरून ओढायचे. ट्रॅक्टर आले तशी तीच स्पर्धा ट्रॅक्टरांत लागली, आणि १९२९ मध्ये ओहायोतल्या वॉन्सव्हिल आणि मिसुरीतल्या बोलिंग ग्रीन इथे झालेल्या स्पर्धा ही मोटरच्या पुलिंगची पहिली नोंद म्हणून सांगतात. प्रत्येक राज्यात नियम वेगळे असल्याने खूप वर्षं गोंधळ होता, म्हणून १९६९ मध्ये आठ राज्यांतल्या लोकांनी मिळून नॅशनल ट्रॅक्टर पुलर्स असोसिएशन काढली. जुन्या ट्रॅक्टरवाल्यांच्या संघटना आणि क्लब त्यांच्यापेक्षा वेगळे चालतात.

स्लेड समजली नाही तर पुढचे बदल कशासाठी ते कळणार नाही. आधी नुसतं एकसारखं, न बदलणारं वजन असायचं, नाहीतर ट्रॅकच्या कडेला माणसं उभी करून स्लेड समोरून जाईल तसा एकेक जण वर चढायचा (हे किती धोक्याचं होतं ते वेगळं सांगायला नको). आताच्या स्लेडला मागे चाकं आणि पुढे जमिनीला घासणारा लोखंडी तवा असतो. वजनाची पेटी सुरुवातीला मागच्या चाकांवर असते, स्लेड हलली की त्याच चाकांवरून गिअर आणि साखळीने ती पेटी पुढे पुढे सरकते, म्हणजे जितकं लांब जाल तितका तवा जमिनीत दाबला जातो आणि ओढ वाढत जाते. शेवटी ट्रॅक्टर एकतर बंद पडतो किंवा जागेवर चाकं फिरवत बसतो, आणि तिथपर्यंतचं अंतर मोजतात. ट्रॅक साधारण ३०० फुटांचा, तो पूर्ण पार केला की त्याला फुल पुल म्हणतात, आणि एकापेक्षा जास्त जणांनी फुल पुल मारला तर स्लेड जड करून त्यांची परत ओढाई घेतात.

वर्ग आणि वेगाची मर्यादा

ट्रॅक्टर ड्रायव्हरसकट काट्यावर चढतो आणि वजनाप्रमाणे वर्ग पडतात, ३५००, ४५००, ५५०० पाउंड असे. आकडे क्लबागणिक बदलतात. वर्गात बसलात की मग किती फेरफार चालतील त्याचे वेगळे गट, अगदी मूळ अवस्थेतल्यापासून ते आतून पार बदललेल्या इंजिनपर्यंत. पण सगळ्यात महत्त्वाचा नियम वेगाचा आहे आणि नवीन माणूस नेमका तोच वाचत नाही. कमी फेरफाराच्या गटांत ताशी तीन-चार मैलांसारखी मर्यादा असते, ती ओलांडली की भोंगा वाजतो नाहीतर झेंडा पडतो.

याचा हिशोब सोपा आहे. ओढ पाउंडात घ्या, तिला ताशी मैलांतल्या वेगाने गुणा आणि ३७५ ने भागा, की ड्रॉबारवर (ट्रॅक्टरच्या मागच्या ओढायच्या दांड्यावर) लागणारे हॉर्सपॉवर आले. ४००० पाउंडांची ओढ ताशी ३ मैलांनी न्यायला ३२ हॉर्सपॉवर लागतात आणि तीच ताशी ६ मैलांनी न्यायला ६४. जुना फार्मॉल एम कारखान्यातून आला तेव्हा पट्ट्यावर (म्हणजे यंत्रं चालवायच्या पट्ट्याच्या पुलीवर मोजलं तर) ३५ हॉर्सपॉवरच्या आसपास द्यायचा, म्हणजे हळू गटात धड अवस्थेतलं मूळ इंजिनही कामाच्या जवळपास पोचतं, गिअर बॉक्समध्ये वाया जाणारी ताकद आणि चाकांची स्लिप धरून थोडं जास्त लागेल इतकंच. दुसरीकडे टायरची पकड ट्रॅक्टरच्या वजनाच्या आसपासच संपते, त्यापुढे कितीही ताकद असली तरी माती उडते, स्लेड हलत नाही. म्हणून इंजिन हा शेवटचा खर्च असायला हवा. बहुतेक लोक उलट करतात, आधी इंजिनचं हेड उघडतात आणि मग विचारतात की समोरची चाकं का उचलतात.

वजन आणि हिच

ओढ लागली की पुढच्या चाकांवरचं वजन मागे जातं. किती जातं ते ओढ गुणिले हिचची (स्लेडची साखळी अडकवायच्या जागेची) उंची भागिले चाकांमधलं अंतर, असं काढता येतं. समजा पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमध्ये ९० इंच अंतर आहे, हिच २० इंचांवर आहे आणि ओढ ४००० पाउंड, तर पुढून जवळपास ८९० पाउंड उचलले जातात. हिच १३ इंचांवर असती तर ५८० सुद्धा नाही. हे मागे आलेलं वजनच टायरला दाबून पकड देतं, म्हणून प्रत्येकाला हिच नियमात बसेल तितकी उंच हवी असते आणि म्हणूनच तिला कमाल मर्यादा घातलेली असते, बऱ्याच ठिकाणी २० इंच किंवा त्याहून कमी. अ‍ॅक्सलच्या मध्यापासून हिच किती मागे पाहिजे तेही ठरलेलं असतं. शेतीचा मूळ ड्रॉबार इकडेतिकडे हलतो, तो चालत नाही, त्यामुळे जाड पट्टीचा, खालून आधार दिलेला, तपासणीच्या वेळी वरखाली न होणारा ड्रॉबार बनवून घ्यावा लागतो.

मग पुढच्या बाजूला वजनं टांगायची कमान येते. ट्रॅक्टर स्वतः वर्गापेक्षा हलका ठेवतात आणि उरलेलं वजन हवं तिथे लावतात. पुढची चाकं ओढाईच्या शेवटी जमिनीला जेमतेम शिवून चालतात असा ट्रॅक्टर बरोबर बसला असं समजायचं. चाकं जमिनीला चिकटून राहिली तर पुढे फुकटचं वजन आहे, ते मागे सरकवा. फार वर गेली तर ट्रॅक्टर व्हीली बारवर (मागे उलटू नये म्हणून मागे लावलेल्या दांड्यांवर) टेकतो, तिथे टायरवरचं वजन बारवर जातं आणि पकड सुटते. यातली गंमत अशी की वजनाचा एकच पाटा तीन इंच मागे घेतल्याने अंतरात फरक पडतो आणि त्याला खर्च एका पान्याचा.

टायर

मागचे टायर ३८ इंची रिमवरचे, मोठ्या ट्रॅक्टरला बहुतेक करून १३.६ किंवा १४.९ रुंदीचे, कमाल माप नियमात दिलेलं असतं. घासलेल्या गुटक्यांचा (टायरवरच्या जाड रबरी उंचवट्यांचा) टायर शेतात निरुपयोगी असला तरी इथे अगदी नवा उंच गुटका पण नेहमी चांगला नसतो, तो ओढीखाली वाकतो आणि मातीची कड मोडतो. वरच्या गटांत गुटके कापून त्यांना धार लावतात, मूळ अवस्थेच्या गटांत ते चालत नाही. हवा किती ठेवायची यावर वाद कधीच मिटत नाही: कमी हवेने टायर जास्त पसरतो, पण फार कमी केली तर बाजू दुमडते आणि रिम टायरमध्येच फिरते, म्हणून बरेच जण रिमला बोल्ट किंवा पकड बसवतात. घट्ट दाबलेल्या चिकणमातीत आणि सैल कोरड्या मातीत वेगवेगळा दाब लागतो, एवढं मात्र सगळे मान्य करतात.

इंजिन

आता इंजिन. त्या काळचं पेट्रोल कमी ऑक्टेनचं होतं आणि बरेच ट्रॅक्टर तर केरोसीन किंवा डिस्टिलेटवर (केरोसीनसारख्या स्वस्त इंधनावर) चालायला बनवलेले, त्यामुळे कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती दाबलं जातं ते) फारच कमी ठेवलेलं असायचं. आजचं साधं पेट्रोलसुद्धा त्याहून बरंच जास्त सोसतं, म्हणून सगळ्यात स्वस्त आणि खात्रीची ताकद कॉम्प्रेशन वाढवण्यात आहे. डिस्टिलेटचं हेड काढून पेट्रोलचं बसवणं, हेड प्लेन करून घेणं, उंच डोक्याचे पिस्टन टाकणं हे नेहमीचे मार्ग. एम अ‍ॅण्ड डब्ल्यू नावाच्या इलिनॉयच्या कंपनीने तर शेतकऱ्यांसाठीच जास्त ताकदीचे पिस्टन संच विकले होते, म्हणजे हा उद्योग स्पर्धेवाल्यांनी शोधलेला नाही.

क्षमता वाढवायला त्याच घराण्यातल्या मोठ्या भावाचे भाग घेतात. फार्मॉल एमचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ३ पूर्णांक ७/८ इंच, सुपर एमचा ४ इंच, स्ट्रोक (पिस्टन वरखाली सरकतो ते अंतर) दोन्हींचा सव्वापाच इंच, त्यामुळे सुपर एमच्या स्लीव्ह आणि पिस्टन टाकून एम २४८ वरून २६४ घन इंचांवर नेतात. अ‍ॅलिस-चामर्स डब्ल्यूडीचा स्ट्रोक ४ इंच आणि डब्ल्यूडी ४५ चा साडेचार, म्हणून ४५ चा क्रँक घालून २०१ वरून २२६ घन इंच मिळतात, फक्त पिस्टन वर हेडला भिडत नाही ना ते मातीचा गोळा ठेवून, हाताने क्रँक फिरवून बघायचं. मातीवर पिस्टनचा ठसा उमटतो, त्याची जाडी व्हर्नियरने मोजली की किती जागा उरली ते कळतं, आणि हेड गॅस्केट दाबलेलं असतानाचं मोजमापच खरं. बाकी व्हॉल्व्ह मोठे करणं, पोर्ट घासून मोकळे करणं, कॅम घासून घेणं, खालून वर भरणारा मूळ कार्ब्युरेटर मोठ्या जेटने चालवणं हे गटाप्रमाणे.

आरपीएमच्या बाबतीत मात्र जपून. एमचा गव्हर्नर (इंजिनचे फेरे मर्यादेत ठेवणारा भाग) १४५० ला धरतो, जॉन डिअर ए चा ९७५ ला. स्प्रिंग ताणून ते वाढवणं पाच मिनिटांचं काम आहे, पण फिरणाऱ्या भागांवरचा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, दीडपट फेरे म्हणजे सव्वादोनपट ताण. फ्लायव्हील बीडाचं असतं आणि बीड वाकत नाही, फुटतं. दोन सिलिंडरच्या जॉन डिअरला तर ते डाव्या बाजूला उघडंच असतं, ड्रायव्हर बसतो तिथून हाताच्या अंतरावर नसलं तरी तुकडे उडाले तर लांब जातात. वाढीव आरपीएमच्या गटात म्हणून पोलादी फ्लायव्हील आणि क्लचभोवती जाड कवच मागतात, आणि ज्यांना ते परवडत नाही त्यांनी गव्हर्नरला हात लावू नये, साधं आहे.

ताकद वाढली की पुढचं काय मोडतं हेही ठरलेलं: आधी क्लच प्लेट घसरते, ती तगडी केली की गिअर आणि डिफरन्शियल, मग अ‍ॅक्सल. मूळ गिअरमध्ये पहिला फार हळू आणि दुसरा मर्यादेच्या पुढे असं बऱ्याचदा होतं, तेव्हा टायरचा व्यास बदलून किंवा आरपीएम नेमका धरून वेग जुळवतात, कारण मर्यादेच्या जवळ राहिलं तर स्लेडच्या गतीचाही फायदा होतो.

सुरक्षा

स्लेडला दोरीने जोडलेला किल स्विच लागतो: साखळी तुटली किंवा ट्रॅक्टर सुटला तर इग्निशन आपोआप बंद. व्हीली बार नुसते दिसायला नसून ट्रॅक्टर मागे उलटू नये म्हणून असतात, आणि बारखाली जॅक लावून ट्रॅक्टर उचलला तर ते वाकणार नाहीत इतके जाड पाहिजेत. हिच अ‍ॅक्सलच्या मध्यरेषेच्या वर कधीच नको, तशी असेल तर ओढच ट्रॅक्टर मागे फिरवते. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग काम करत नाही, तेव्हा डावा-उजवा ब्रेक वेगळा दाबून सरळ ठेवावं लागतं, म्हणून दोन्ही ब्रेक सारखे धरतात का ते ट्रॅकवर जायच्या आधी बघतात.

एमसारखे ट्रॅक्टर अडीच लाखांहून जास्त बनले, त्यामुळे त्यांच्यावर प्रयोग केले तर कुणाचं मन दुखत नाही, सुटे भागही मिळतात. थोडेच बनलेले मॉडेल हाती आलं तर ते कापू नये, कारण कास्टिंगवरचे मूळ नंबर आणि न छेडलेलं हेड बघून संग्राहक जी किंमत देतात ती पुलिंगसाठी कापलेल्याला मिळत नाही. मधला मार्ग म्हणून काही जण काढलेलं हेड, मॅग्नेटो, ड्रॉबार असं सगळं चिठ्ठी लावून शेडमध्ये ठेवतात आणि विकताना ट्रॅक्टरसोबत देतात.