.बॅशआरसी की .प्रोफाइल? पाथ नेमका कुठं लिहायचा

उबुंटूवर सॉफ्टवेअर बसतं, एररही येत नाही, आणि तरी टर्मिनल म्हणतं 'कमांड नॉट फाउंड'. मग बहुतेक जण पाथची, म्हणजे कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायच्या त्या यादीची, ओळ .बॅशआरसीत टाकतात, तिथं जमलं नाही की तीच .प्रोफाइलमध्येही टाकतात. एखादवेळी काम होतंही, पण कशामुळं झालं ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा तोच घोळ.

दोन्ही फायली होम फोल्डरमध्ये असतात, दोन्हींत शेलच्याच (टर्मिनलमध्ये आपल्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम; उबुंटूवर तो बॅश) आज्ञा असतात. फरक आहे तो त्या कधी वाचल्या जातात यात. .प्रोफाइल लॉगिनच्या वेळी वाचली जाते: डेस्कटॉपवर लॉगिन करताना, एसएसएचनं (दुरून दुसऱ्या मशीनवर शिरायची सोय) आत येताना, किंवा कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून काळ्या पडद्यावर नाव-पासवर्ड दिल्यावर. .बॅशआरसी मात्र टर्मिनलची खिडकी उघडली की वाचली जाते, दर खिडकीला नव्यानं. म्हणजे सांगलीत लॅबच्या मशीनसमोर बसून टर्मिनल उघडणारी विद्यार्थिनी संध्याकाळी साताऱ्याच्या घरून त्याच खात्यात एसएसएचनं आली, तर तिची सुरुवात वेगळ्या फायलीतून होते. आपण कुठल्या शेलमध्ये आहोत ते पाहायला इको लिहून डॉलरच्या चिन्हाला शून्य चिकटवा. उत्तरात 'बॅश'च्या आधी आडवी रेघ दिसली, '-बॅश' अशी, तर ते लॉगिन शेल.

कुठं काय लिहायचं हे वारशावरून ठरतं. एक्स्पोर्ट केलेलं व्हेरिएबल (पाथसारखं नाव दिलेलं मूल्य) त्या शेलमधून सुरू झालेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला मिळतं. एलियास, म्हणजे आज्ञेला दिलेलं छोटं नाव, मिळत नाही. म्हणून पाथ, जावा_होम (जावा कुठं बसलंय तो पत्ता) वगैरे एकदाच, .प्रोफाइलमध्ये. एलियास आणि प्रॉम्प्टचे (आज्ञा लिहायच्या जागेआधी दिसणारा मजकूर) रंग .बॅशआरसीत. पाथ फक्त .बॅशआरसीत लिहिला तर आयकॉनवर क्लिक करून उघडलेल्या एडिटरला तो सहसा दिसत नाही, कारण तो एडिटर टर्मिनलच्या पोटी जन्मलेलाच नसतो.

गोंधळ वाढतो तो उबुंटूच्या तयार .प्रोफाइलमुळं. ती स्वतःच .बॅशआरसीला बोलावते, त्यामुळं दोन्ही एकच वाटायला लागतात. शिवाय होममधलं .लोकल/बिन हे फोल्डर असेल तरच ती ते पाथमध्ये घालते. पिपएक्सनं (पायथनचे प्रोग्रॅम बसवणारं साधन) पहिल्यांदाच काही बसवलं तर फोल्डर आत्ता तयार झालेलं असतं, पण तपासणी सकाळच्या लॉगिनलाच होऊन गेलेली असते. अशा वेळी फाइलला हातच लावायचा नाही; लॉगआउट करून परत लॉगिन करा, कमांड सापडते. नुसती नवी खिडकी उघडून भागत नाही. तेवढ्यापुरतं तपासायचं असेल तर 'बॅश -एल' चालवा.

याहून चकवणारी गोष्ट .बॅश_प्रोफाइलची. लॉगिन शेल आधी ती शोधतं, मग .बॅश_लॉगिन, मग .प्रोफाइल, जी पहिली सापडेल तेवढीच वाचतं. इंटरनेटवरची पायरी बघून कुणी दोन ओळींची .बॅश_प्रोफाइल बनवली की बॅशपुरती .प्रोफाइल बंद. लक्षण ठरलेलं आहे: एसएसएचनं आल्यावर प्रॉम्प्टचा रंग गेलेला, एलियास गायब, आणि समोर बसून उघडलेल्या टर्मिनलमध्ये सगळं ठीक. त्या दोन ओळी .प्रोफाइलमध्ये हलवा आणि नवी फाइल काढून टाका. फेडोरावर मात्र .बॅश_प्रोफाइल मुळातच असते, तिथं ती काढू नका.

आता जिथं दोन्ही फायली उपयोगाच्या नाहीत अशी जागा. समजा, मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडतीत शेतकऱ्यांच्या पट्ट्या तयार करणारी 'पट्टी' नावाची स्क्रिप्ट होममधल्या बिन फोल्डरमध्ये आहे. हातानं चालवली की चालते, रात्री क्रॉननं (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय) लावली की नाही. क्रॉन यांतली एकही फाइल वाचत नाही. त्याचा पाथ /यूएसआर/बिन आणि /बिन एवढाच. क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉनच्या कामांच्या यादीत, स्क्रिप्टचा पत्ता /होमपासून पूर्ण लिहा. 'एसएसएच मशीन पट्टी' असं दुरून एका ओळीत चालवतानाही हेच करा: तिथं .बॅशआरसी उघडली जाते, पण समोर माणूस नाही असं दिसताच ती वरच्या चार-पाच ओळींतूनच परत फिरते, आणि तळाशी लिहिलेला पाथ वाचलाच जात नाही. त्या ओळींच्या वर इको मात्र कधीच टाकू नका; फायली पाठवणारी एसएफटीपी आणि आरसिंक त्या एका शब्दानं बंद पडतात.

पाथ लिहिताना बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडायची नाही, आणि उजवीकडं जुना डॉलर-पाथ हवाच. तो विसरला की फायलींची यादी दाखवणारी एलएससुद्धा सापडत नाही. मशीन बिघडलेलं नसतं, रीइन्स्टॉलच्या मागं लागू नका. /यूएसआर/बिन/नॅनो असा पूर्ण पत्ता देऊन तीच फाइल उघडा, ओळ सुधारा, आणि नव्यानं लॉगिन करा.