नव्या नोकरीतली तयारी आणि दिलाशाची धडपड: या दोन गोष्टी एक नाहीत

नव्या नोकरीत रुजू होताना घाबरलेल्या माणसाला सगळीकडून एकच सल्ला मिळतो: ‘भरपूर तयारी कर, भीती आपोआप जाईल.’ देणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण ज्याला तो मिळतो, तो बहुतेक वेळा आधीच नको तितकी तयारी करत असतो. रात्री जागून जुनी कागदपत्रं वाचतो, चार ओळींचा ईमेल अर्धा तास घोळवत बसतो, मीटिंगमध्ये बोलायचं वाक्य मनातल्या मनात पुन्हा पुन्हा म्हणून बघतो. तरी सकाळी निघताना पोटात गोळा येतोच. मग त्याला वाटतं, तयारीच कमी पडली, आणि तो आणखी जागतो.

हा सल्ला मला मनापासून खटकतो, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली कोंबल्या आहेत. एक आहे कामाची तयारी. दुसरी आहे भीती तेवढ्यापुरती दाबण्यासाठी केलेली धडपड. दोन्हींना कष्ट पडतात, दोन्हींचं कौतुक होतं, पण पहिलीने भीती हळूहळू ओसरते आणि दुसरीने ती मुक्काम ठोकते.

तयारी म्हणजे काय, हे वेगळं सांगायची गरज नाही. काम कुणाला द्यायचं, कोणतं सॉफ्टवेअर वापरायचं, कोणती गोष्ट कुणाच्या सहीशिवाय पुढे जात नाही, हे माहीत नव्हतं. आता माहीत झालं. प्रश्न होता, उत्तर मिळालं, विषय संपला.

दुसऱ्या गोष्टीला मानसशास्त्रात ‘सेफ्टी बिहेवियर’ म्हणतात. मी इथे तिला दिलाशाची धडपड म्हणते. पॉल साल्कोव्हस्किस या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये तिच्याबद्दल एक नेमका प्रश्न विचारला होता. पॅनिकचे, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीचे, झटके येणाऱ्या माणसाला दर वेळी वाटतं की आता आपण कोसळणार. तो जवळजवळ कधीच कोसळत नाही. मग इतक्या वेळा खोटी ठरूनही ती भीती जात का नाही? त्याचं उत्तर असं: झटका आला की माणूस भिंतीला टेकतो, खाली बसतो, कुणाचा तरी हात धरतो, आणि नंतर मनाशी नोंद करतो की टेकलो म्हणून वाचलो. न टेकताही आपण वाचलो असतो, हे त्याला कधी कळतच नाही.

दोन्हींमधले किरकोळ फरक आधी बाजूला करते. कशाला जास्त वेळ लागतो, कोणत्या वेळी छाती धडधडते, कोण जास्त मेहनती दिसतं, यावरून काहीही ठरत नाही. खऱ्या तयारीतही हात थरथरतात. नव्या जागेत शरीर सावध होणारच. ते सावध झालं म्हणजे काही बिघडलं असं नाही. खोल श्वास घेण्याबद्दलही हेच. शरीर थोडं शांत होतं, चांगलं आहे. पण ‘श्वास मोजला नाही तर मीटिंगमध्ये माझं काही खरं नाही’ असं वाटू लागलं, तर तोही भिंतीला टेकण्याचाच प्रकार झाला.

खरा फरक एकच आहे, आणि लोक नेमके तिथेच फसतात: सगळं ठीक पार पडल्यावर श्रेय कुणाला जातं?

समजा, नव्या साहेबांना एक साधा ईमेल पाठवायचा आहे. तुम्ही तो सात वेळा वाचला, दोन मित्रांना दाखवला, ‘कृपया’ कुठे घालायचं यावर वीस मिनिटं घालवली आणि पाठवला. साहेबांचं उत्तर आलं, ‘ठीक आहे.’ जीव भांड्यात पडला. या प्रसंगातून मन काय शिकलं? ‘मला ईमेल लिहिता येतो’ हे नाही. ते शिकलं, ‘सात वेळा वाचला म्हणून निभावलं.’ म्हणजे पुढच्या ईमेललाही सात वेळा वाचणं आलं, आणि महत्त्वाचा असेल तर दहा वेळा. यश मिळत राहतं, पण ते तुमच्या खात्यावर जमा होत नाही. सगळं त्या धडपडीच्या नावावर लागतं. सहा महिने उत्तम काम केलेला माणूस पहिल्या आठवड्याइतकाच घाबरलेला का असतो, याचं कारण इथे आहे. त्याने काम सहा महिने केलं, पण आपल्या भीतीची परीक्षा एकदाही घेतली नाही.

वर सुटकेचा तो क्षण फार गोड असतो. होबार्ट मॉरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४७ मध्येच मांडलं होतं की ज्या कृतीने भीती झटकन कमी होते, ती कृती आपण पुन्हा पुन्हा करू लागतो, कारण भीती उतरणं हेच तिचं बक्षीस असतं. म्हणून ‘इतका विचार करू नकोस’ असं नुसतं सांगून कुणी थांबत नाही. त्याला प्रत्येक वेळी बक्षीस मिळतंय.

आपली लायकी नसताना आपण इथवर आलो आणि कधीतरी हे उघडं पडणार, या भावनेला आज सगळे इम्पोस्टर सिंड्रोम म्हणतात. त्याचं मूळही याच्या अगदी जवळ आहे. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये, दीडशेहून अधिक यशस्वी स्त्रियांसोबत केलेल्या कामाच्या आधारे, त्याचं वर्णन केलं. हा आजार नाही. मनोविकारांच्या निदानाच्या अधिकृत याद्यांमध्ये तो नाही. ही भावना कशाने टिकते, हे सांगताना त्यांनी पहिल्यांदा अतिकष्टाकडे बोट दाखवलं: आपलं पितळ उघडं पडू नये म्हणून बाई रात्रंदिवस राबते, राबल्यामुळे यश मिळतं, थोडा वेळ बरं वाटतं, आणि ‘मी राबले म्हणून झालं, माझ्यात तसं काही नाही’ हा समज आणखी पक्का होतो. ‘आणखी मेहनत कर’ हा सल्ला अशा माणसाला देताना आपण काय करतो, ते यावरून लक्षात यावं.

दिलाशाच्या धडपडीचा दुसरा तोटा तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडतो. मीटिंग चालू आहे. तुमची पाळी यायची आहे, म्हणून तुम्ही आपलं वाक्य मनात जुळवताय. तेवढ्यात चर्चा पुढे सरकली, तुमचं लक्षच नव्हतं, आणि तुम्ही जे बोललात ते कुणीतरी दोन मिनिटांपूर्वी बोलून गेलं होतं. ज्या फजितीची भीती होती, ती त्या जुळवाजुळवीनेच ओढवून घेतली. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये सामाजिक भीतीचा जो आराखडा मांडला, त्यात हाच मुद्दा आहे: लक्ष समोरच्या माणसांवरून निघून ‘मी कसा दिसतोय’ याकडे वळतं, आणि मग माणूस खरोखरच तुटक, अलिप्त वाटू लागतो. नव्या माणसाला ‘गर्विष्ठ’ ठरवलं जातं, त्यामागेही ही जुळवाजुळव असू शकते.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो ती गोष्ट: शंका विचारणं. नव्या माणसाने भरपूर प्रश्न विचारावेत, याबद्दल माझं मत पक्कं आहे. पहिल्या काही आठवड्यांत न विचारणं हीच चूक. पण विचारण्याचे दोन प्रकार असतात. ‘हा रिपोर्ट सोमवारी कुणाकडे जातो?’ ही शंका झाली. ‘मी पाठवलेला रिपोर्ट बरोबर होता ना? नक्की ना? काही राहिलं नाही ना?’ हा दिलासा मागणं झालं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही वहीत लिहून ठेवू शकता आणि ते पुढच्या सोमवारीही कामाला येतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहून ठेवण्यासारखं नसतंच. ‘हो, बरोबर होता’ हे ऐकून तासभर बरं वाटतं आणि मग मन म्हणतं, त्यांनी नीट पाहिलं असेल का?

यावरून ओळखायची खूण सापडते. केलेल्या गोष्टीनंतर प्रश्न मिटला का, की थोड्या वेळाने तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला? मिटला तर तयारी. पुन्हा उभा राहिला तर ती धडपड होती, मग ती कितीही कष्टाची असो. म्हणूनच ‘हे करा, हे करू नका’ छापाच्या याद्यांचा मला कंटाळा आहे. लवकर पोचणं, टिपणं काढणं, सराव करणं यातली कोणतीही कृती दोन्हींपैकी काहीही असू शकते. पहिल्या दिवशी रस्ता माहीत नाही म्हणून अर्धा तास आधी निघणं तयारी आहे. तीन महिन्यांनीही सगळ्यांच्या आधी पोचून, आल्या-आल्या कुणाशी बोलावं लागू नये म्हणून स्क्रीनमागे जाऊन बसणं, ही निराळीच गोष्ट आहे.

‘मग तपासायचंच नाही का?’ असं लगेच विचारलं जातं. तपासायचं. जिथे काम ते मागतं, तिथे काटेकोरपणे तपासायचं. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी जी तपासणी यादी आणली, तिच्यात १९ मुद्दे आहेत. अनुभवी सर्जनलाही त्या यादीतून जावं लागतं, आणि शेवटचा मुद्दा झाला की ती संपते. तपासणी कामाची आहे की भीतीची, हे इथून कळतं: कामाची तपासणी सगळ्यांना सारखी असते, तिचे मुद्दे ठरलेले असतात आणि तिला शेवट असतो. भीतीची तपासणी फक्त तुम्हीच करता आणि ‘समाधान होईपर्यंत’ करता. औषधाचा डोस, पैशांची रक्कम, यंत्राचा खटका यांबाबत ठरलेली पद्धत कधीही गाळू नका. जेवणाची वेळ विचारणाऱ्या मेसेजला ती पद्धत लागत नाही.

धडपड सोडायची कशी? एकदम सगळी नाही. एक छोटी गोष्ट निवडा, जिच्यात चूक झाली तरी कुणाचं नुकसान होणार नाही. आधी कागदावर लिहा: ‘हा ईमेल एकदाच वाचून पाठवला, तर काय होईल असं मला वाटतं?’ मोघम लिहू नका. ‘वाईट होईल’ हे कधी पडताळता येत नाही. ‘साहेब उलट लिहून चूक दाखवतील’ हे पडताळता येतं. मग ईमेल पाठवा आणि दुसऱ्या दिवशी कागद उघडून बघा. आपण काय घडेल असं धरून चाललो होतो आणि काय घडलं, यातली तफावत जितकी ठळक, तितकं मन त्यातून शिकतं. मानसशास्त्रज्ञ मिशेल क्रास्के आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये भीतीवरच्या उपचारांची मांडणी करताना यावरच भर दिला. कागद हवाच, कारण भीती खोटी ठरल्यावर आपण काय भाकीत केलं होतं, ते मन सोयीने विसरतं.

नुसतं ‘भीतीला सामोरं जा’ म्हणणाऱ्यांनाही इथे थोडं थांबवायला हवं. वेल्स, क्लार्क आणि साल्कोव्हस्किस यांनी सहकाऱ्यांसह १९९५ मध्ये सामाजिक भीती असलेल्या आठ जणांवर एक अभ्यास केला. नुसतं भीतीच्या प्रसंगात जाण्यापेक्षा, आपली ठरलेली धडपड सोडून त्यात गेल्यावर भीती जास्त कमी झाली. माणसं आठच होती, त्यामुळे त्यावर मोठा डोलारा उभारू नये. पण रोज ऑफिसला जाऊनही भीती का हटत नाही, याची दिशा त्यातून मिळते. कंबरेला हवेची ट्यूब बांधून रोज पाण्यात उतरलं, तर रोज तरंगल्याचा अनुभव मिळतो. पोहता येतं का, ते कळत नाही. सुरुवातीला पाण्यात उतरण्यासाठी ट्यूब लागली तर मला त्यात काही वावगं वाटत नाही, तज्ज्ञांमध्येही यावर एकमत नाही. पहिल्या आठवड्यात चिठ्ठी हातात धरून बोला. ती कोणत्या तारखेला खाली ठेवायची, हे मात्र आधीच ठरवून टाका.

एक गोष्ट या सगळ्याच्या बाहेरची आहे. झोप उडाली, जेवण जात नाही, कामावर जाणंच अशक्य झालं, जगणं नकोसं वाटतंय, किंवा महिने उलटले तरी चिंता सगळ्याच बाबतीत पसरत चालली आहे, तर कागदावरचे प्रयोग करत बसू नका. डॉक्टरकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. या त्रासावर चांगले उपचार आहेत.

आणि ज्यांच्या हाताखाली नवं माणूस आलंय, त्यांच्यासाठी. ‘अरे, छान करतोस, काळजी नको’ हे दिवसातून पाच वेळा म्हणणं प्रेमाचं वाटतं, पण त्याने मागणं वाढतं. शंकेला पूर्ण उत्तर द्या, शक्य तर लिहून द्या. दिलासा मागितला तर ‘तुला स्वतःला काय वाटतं?’ असं आधी विचारा आणि उत्तर ऐकून घ्या. कामाबद्दल बोलायला एक वार आणि वेळ नेमून द्या, म्हणजे मधल्या काळात ‘बरोबर होतं ना?’ला जागा उरणार नाही. त्या बोलण्यात मोघम शाबासकी नको: कोणत्या ईमेलमध्ये कोणती ओळ नेमकी जमली, कोणत्या आकड्यात चूक होती, ती कशी टाळायची, एवढं सांगा. पहिला महिना तरी ही वेळ रद्द करू नका.