पगार, भत्ता आणि बक्षीस: ड्रायव्हरच्या कपातीमागचा इतिहास

मराठवाड्यात दुसऱ्याच्या गाडीवर असलेल्या ड्रायव्हरची कमाई तीन वाटांनी येते. मालकाचा पगार, बाहेरगावी मुक्काम पडला की मिळणारा भत्ता, आणि वेरूळ-अजिंठा फिरवून आणलेल्या पाहुण्याने उतरताना हातावर ठेवलेलं बक्षीस. कायदे मात्र मुख्यतः पहिलीच वाट डोळ्यांपुढे ठेवून लिहिले गेले, आणि तेही कारखान्याच्या मापाने.

पगारी ड्रायव्हरची मोठी नोकरभरती इथे निजामाच्या काळातली. 1932 मध्ये निजाम स्टेट रेल्वेने 27 बसगाड्यांवर रस्ते वाहतूक खातं सुरू केलं. मराठवाड्यातली ही सेवा 1961 मध्ये एसटीत आली. त्याच वर्षी केंद्राने मोटार वाहतूक कामगार कायदा केला: दिवसाला आठ तास, आठवड्याला 48. पण तो लागू होता पाच किंवा जास्त कामगारांच्या धंद्याला. दोन-तीन गाड्या भाड्याने लावणारा मालक आपोआप बाहेर राहिला. पीएफला (भविष्य निर्वाह निधी) 20 माणसं लागतात, ईएसआयसीला (कामगार विमा) 10. बंगल्यावरच्या ड्रायव्हरची तर यात कुठेच गणती नाही.

पगारातून हमखास कापली जाणारी रक्कम म्हणजे पीटी, व्यवसाय कर. तिची कथा थेट 1972 च्या दुष्काळाकडे जाते. त्या दुष्काळात रोजगार हमीची कामं गावोगाव निघाली. हमी टिकवायला पैसा हवा म्हणून राज्याने 1975 मध्ये हा कर आणला. आज पुरुषाचा पगार 10,000 च्या वर गेला की महिन्याला 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300, म्हणजे वर्षाला 2,500. राज्यघटनेने घातलेली कमाल मर्यादाही तेवढीच. ज्याच्या आजोबांनी हमीच्या कामावर खडी फोडली, तो नातू आज स्टिअरिंगवर बसून त्याच हमीसाठी बसवलेला कर भरतो.

प्राप्तिकराची गोष्ट वेगळी. भारताचा प्राप्तिकर जुन्या हैदराबाद राज्याला 1950 पासून लागू झाला, पण ड्रायव्हरच्या पगारापर्यंत तो क्वचितच पोचतो. 2025-26 पासून नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्यच होतो. प्राप्तिकराच्या 1962 च्या नियमांत ड्रायव्हर दिसायचा तो साहेबाला मिळणारी सोय म्हणून: कंपनीने गाडीबरोबर ड्रायव्हर दिला, तर साहेबाच्या उत्पन्नात महिन्याला 900 रुपये धरले जायचे. वाहतूक धंद्यातल्या नोकराच्या फिरतीच्या भत्त्याला मात्र जुन्या पद्धतीत सूट होती, 70 टक्के किंवा महिना 10,000 रुपये, यांतलं कमी ते.

बक्षिसाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला तो हॉटेलच्या वेटरांमुळे. 2016 मध्ये हॉटेलं चालवणाऱ्या आयटीसी कंपनीच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की ग्राहकाने दिलेली टिप हा मालकाने दिलेला पगार नाही, म्हणून त्यावर टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा प्राप्तिकर, कापायचं बंधन मालकावर नाही. घेणाऱ्याच्या हातात ते इतर उत्पन्न. हेच तत्त्व गाडीला लावलं तर ड्रायव्हर सुटला असं वाटतं. मला ती सुटका फसवी वाटते. जे पगारात नाही ते पीएफमध्ये नाही. अपघात झाला तर 1923 च्या भरपाई कायद्याने एकट्या ड्रायव्हरलाही संरक्षण दिलं होतं, माणसांच्या आकड्याची अट न घालता. पण भरपाईचा हिशेब मासिक वेतनावर. पाहुण्यांकडून हंगामात मिळालेलं बक्षीस त्यात घरच्यांना कामी येत नाही.

म्हणूनच कागदावर पगार कमी, भत्ता जास्त ही मालकांची जुनी रीत. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी तिथे लगाम घातला: वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच धरायचा. 1923 आणि 1961 चे कायदेही याच संहितांत विलीन झाले. ॲपवरच्या ड्रायव्हरसाठी कंपनीने वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के सामाजिक सुरक्षेसाठी द्यायची तरतूद आली. पीएफचा 20 चा आकडा मात्र तसाच आहे, आणि बक्षीसही अजून कुठल्याच हिशेबात नाही.