चाके, माउंटन सायकलची

खडकाळ वाटा, तीव्र उतार व उड्या अशा कठोर वापरासाठी निवडली जाणारी पुढील व मागील चाकांची जोडी. हब (आसाभोवती फिरणारा मधला भाग), स्पोक (आरे), निपल (स्पोकचे टोक रिमला आवळणारी चाकी) आणि रिम (बाहेरचे कडे) हे तिचे घटक होत. टायर, डिस्क (ब्रेकची चकती) व कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच) चाकावर बसत असली, तरी चाकजोडीत त्यांची गणना करीत नाहीत. टायरचा चाकाच्या आयुष्याशी निकटचा संबंध असल्याने त्याचा विचार मात्र येथे केला आहे. साध्या रस्त्यावर चाकाला मुख्यतः उभा भार पेलावा लागतो. डोंगरवाटेवर त्यात वळणातील आडवे बल, डिस्क ब्रेकचा पीळ आणि दगडाचा एकाच जागी बसणारा आघात यांची भर पडते. चारही बलांना एकच घटक पुरा पडत नाही, त्यामुळे केवळ रिमच्या नावावरून वा वजनावरून चाकाची पारख करता येत नाही.

इतिहास : ताणलेल्या तारांचे चाक सायकलपेक्षा जुने आहे. सर जॉर्ज केली यांनी १८०८ मध्ये आपल्या नियोजित उड्डाणयंत्रासाठी हलके चाक कल्पिले. त्यात लाकडी आऱ्यांच्या जागी ताणलेल्या दोऱ्या होत्या. थिओडोर जोन्स यांनी १८२६ मध्ये इंग्लंडमध्ये लोखंडी ‘टांगत्या’ चाकाचे पेटंट घेतले. सायकलला असे चाक प्रथम कोणी बसविले याबद्दल मात्र एकमत नाही. इंग्रजी लेखनात हे श्रेय दीर्घकाळ कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली यांना दिले जाई. स्टार्ली व विल्यम हिलमन यांची ‘एरियल’ ही सायकल सर्वसाधारणपणे १८७० ची मानतात. काहींच्या मते ती १८७१ मध्ये विक्रीस आली. पॅरिसचे यूजीन मेयर यांचे तारेच्या स्पोकच्या चाकाचे पेटंट १८६९ चे असल्याने अलीकडील अभ्यासकांचा कल मेयर यांच्या बाजूने आहे, व तो अधिक सयुक्तिक वाटतो. मेयर यांच्या चाकात प्रत्येक स्पोकचा ताण स्वतंत्रपणे जुळविता येई. ‘एरियल’मध्ये एका आडव्या दांड्याने हब रिमच्या संदर्भात फिरवून सगळे स्पोक एकदम ताणले जात. चाकाचा आउट (डुलणे) काढण्याची आजची पद्धत मेयर यांच्या कल्पनेवर उभी आहे.

स्टार्ली यांचे निर्विवाद योगदान १८७४ चे आहे. त्या वर्षीच्या त्यांच्या पेटंटात स्पोक हबच्या केंद्रातून सरळ बाहेर न जाता हबला स्पर्शरेषेत बसविलेले असून निम्मे एका दिशेने व निम्मे उलट दिशेने कललेले आहेत. केंद्रातून निघणारा स्पोक हबचा पीळ रिमपर्यंत नीट पोहोचवू शकत नाही. तिरपा स्पोक तो खेचून नेतो. रिमवर ब्रेक लागत असे तोवर पुढच्या चाकात सरळ स्पोक चालून जात. डिस्क ब्रेकने हा प्रश्न पुन्हा उभा केला, कारण त्यात थांबविण्याचे सगळे बल हबवर लागते व स्पोकमधूनच रिमकडे जाते. म्हणून डिस्कच्या दोन्ही चाकांत तिरपी, बहुधा तीन छेदांची (प्रत्येक स्पोक इतर तीन स्पोकांना ओलांडून जातो अशी) विणकाम-रचना वापरतात.

माउंटन सायकलचा उगम सामान्यतः १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या मरीन काउंटीत मानतात. माउंट टॅमलपाइसच्या उतारावर वापरल्या गेलेल्या जुन्या सायकलींना फुगीर टायर व २६ इंची पोलादी रिमा होत्या. असे टायर अमेरिकेत श्विन कंपनीने १९३३ च्या सुमारास रूढ केले होते. पोलादी रिम जड, आणि ओली झाली की तिच्यावरचा ब्रेक निसटे. ॲल्युमिनियमच्या २६ इंची रिमा दशकाच्या अखेरीस मिळू लागल्या आणि चाकांचे वजन बरेच उतरले.

भार कसा पेलला जातो : स्पोकच्या चाकाविषयी सर्वांत लांबलेला वाद हाच आहे. एका मतानुसार हब वरच्या स्पोकांना लटकलेले असते, कारण बारीक तार दाब सोसू शकत नाही. दुसऱ्या मतानुसार हब खालच्या स्पोकांवर उभे असते. अमेरिकन अभियंता यॉब्स्ट ब्रांट यांनी १९८१ मध्ये संगणकीय विश्लेषण मांडून दुसऱ्या मताचा पुरस्कार केला. चाकावर भार आला की जमिनीलगतच्या मोजक्या स्पोकांचा ताण लक्षणीय घटतो; वरच्या स्पोकांचा ताण जवळजवळ तेवढाच राहतो. आधीच ताणलेल्या तारेचा ताण कमी होणे हे हिशेबाच्या दृष्टीने दाब सोसण्यासारखेच आहे. लटकण्याचे मत मांडणारेही एका अर्थाने चूक नाहीत, कारण हबला वर ओढणारे निव्वळ बल वरच्या स्पोकांच्या ओढीतून खालच्यांची ओढ वजा करूनच मिळते. मात्र भारामुळे बदल कोठे घडतो हा प्रश्न असेल, तर ब्रांट यांची मांडणी ग्राह्य धरणे इष्ट.

निवडीच्या दृष्टीने यातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. आघाताने खालचे स्पोक पूर्ण सैल पडले, की त्या क्षणी रिमला बाजूचा आधार उरत नाही व चाक एकाएकी मुडपून पापडासारखे वळते. सैल पडणाऱ्या स्पोकचे निपलही हळूहळू उलगडत जाते. त्यामुळे आघात सोसण्याचे सामर्थ्य स्पोकांची संख्या व त्यांचा मूळ ताण यांवर बरेचसे अवलंबून असते. पण ताण हवा तितका वाढविता येत नाही. ३२ स्पोक प्रत्येकी १,००० न्यूटनांनी ताणले असता रिमच्या कड्यात सु. ५,१०० न्यूटनांचा दाब निर्माण होतो, व तो एका मर्यादेपलीकडे गेला की संपूर्ण चाकच वाकडे होते. रिमचे निर्माते ताणाची कमाल मर्यादा देतात; ती बहुधा १,००० ते १,२०० न्यूटन, म्हणजे स्थूलमानाने १०० ते १२० किलोग्रॅम-बल असते.

येथे एक गैरसमज सर्वत्र आढळतो. स्पोक अधिक आवळल्याने चाक अधिक ताठ होत नाही. कोणताही स्पोक सैल पडत नाही तोवर ताठपणा स्पोकची जाडी व लांबी, रिमचा छेद आणि हबच्या दोन तबकड्यांमधील (स्पोक अडकविण्याच्या कडांमधील) अंतर यांवर ठरतो. ताणाने केवळ सैल पडण्याची वेळ पुढे ढकलली जाते. आडवा ताठपणा तबकड्यांच्या अंतराच्या साधारणपणे वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि हबची मापे रुंदावत गेली ती यामुळेच. मागचे हब पूर्वी १३५ मिमी. असे, पुढे १२ मिमी. आरपार आसासह १४२ मिमी. व नंतर १४८ मिमी. झाले. पुढचे १५ मिमी. आसाचे हब १०० वरून ११० मिमी. झाले. उताराच्या शर्यतींत पुढे २० मिमी. आसाची परंपरा आहे.

व्यास : टायर जेथे बसतो त्या रिमच्या कडेचा व्यास २६ इंची चाकात ५५९, २७.५ इंचीत ५८४ व २९ इंचीत ६२२ मिमी. असतो. मोठे चाक खड्ड्यावरून सहज जाते, परंतु स्पोक लांबल्याने तेवढ्याच साहित्यात आडवा ताठपणा घटतो. पुढे २९ व मागे २७.५ अशा मिश्र जोडीत मागचे चाक, ज्यावर वजनाचा मोठा वाटा व बहुतेक आघात येतात, तुलनेने भक्कम राहते.

स्पोक : तुटलेले बहुसंख्य स्पोक जास्त भाराने नव्हे, तर धातूच्या शिणवट्याने तुटतात; हजारो फेऱ्यांत ताण कमीजास्त होत हबजवळच्या वाकात बारीक भेग वाढत जाते. म्हणून जाड स्पोक म्हणजे टिकाऊ स्पोक, ही समजूत टिकत नाही. दोन्ही टोकांना २ मिमी. व मध्ये १.८ मिमी. असा स्पोक मधल्या भागात सु. १९ टक्के कमी छेदाचा असतो. तो आघाताने अधिक ताणला जातो, भार शेजारच्या स्पोकांत वाटला जातो व वाकावरचा शीण कमी होतो. मध्ये १.५ मिमी. असलेले स्पोक हलक्या चाकांना योग्य. बांधणीच्या वेळी ते पिळले जाण्याचा संभव असतो. निपल पितळेचे घ्यावे. ॲल्युमिनियमच्या निपलाने वाचणारे थोडके वजन गंज व चिरांच्या मोबदल्यात महाग पडते. वाकाच्या ऐवजी सरळ डोक्याचे स्पोक शिणवट्याची ती जागा टाळतात, मात्र त्यांना खास हब लागते. एखाद्या निर्मात्याचे केवळ त्याच्याच चाकांत बसणारे स्पोक हाही असाच अडसर: चाक उत्तम असले तरी तुटलेल्या स्पोकच्या जागी नवा मिळेपर्यंत ते पडून राहते.

मागच्या चाकात कॅसेटमुळे हबची उजवी तबकडी मध्याकडे सरकलेली असते. उजवे स्पोक घट्ट व डावे तुलनेने सैल राहतात, आणि सैल बाजूचे स्पोक आधी निकामी होतात. पुढच्या चाकात डिस्कच्या बाजूला हाच प्रकार सौम्य स्वरूपात दिसतो. स्पोकांची छिद्रे काही मिमी. एका बाजूला घेतलेली असममित रिम हा फरक बराच भरून काढते. वजनदार अथवा आडदांड स्वारास मागे ३२ स्पोक हा सुरक्षित पर्याय. पुढे २८ पुरतात.

रिम : ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची रिम दाबलेल्या पट्टीच्या पोकळ छेदाची, टोके खिळीने किंवा वितळजोडाने जुळविलेली असते. नरम मिश्रधातू दगडावर आपटून पोचतो, पण पोच पकडीने बरीचशी सरळ करता येते. कठीण मिश्रधातू उशिरा पोचतो व तडकण्याची शक्यता अधिक असते. कार्बन तंतूंच्या रिमला पोच पडत नाही. ती आघातानंतर सरळ राहते, किंवा तडा जाऊन संपते. मधली अवस्था क्वचितच. टायर धरणारी कड रुंद व बोथट केल्याने टायर चिमटून फुटणे व कड तुटणे दोन्ही कमी झाले आहे. कार्बन रिमचा आडवा ताठपणा ॲल्युमिनियमपेक्षा वरचढ असतो. तरीही मागच्या चाकासाठी जड ॲल्युमिनियम रिम घेण्याकडे अनुभवी बांधणारांचा कल दिसतो, आणि त्याला कारण आहे. रिम ही झिजणारी, पोचणारी वस्तू असून चांगले हब दोनतीन रिमा सहज पुरते.

आतील रुंदी २.३ ते २.६ इंची टायरला २५ ते ३० मिमी. असावी. अरुंद रिमवर रुंद टायर वळणात एका बाजूला कलंडतो. ट्यूबविरहित टायर १९९९ च्या सुमारास माव्हिक, मिशेलिन व हचिन्सन यांच्या संयुक्त प्रयत्नांतून बाजारात आले व त्यांच्यामुळे हवेचा दाब बराच खाली आला. रिमचे संरक्षण करण्यात टायरचे जाड आवरण व नेमका दाब यांचा वाटा रिमच्या निवडीएवढाच आहे. दीड बारच्या आसपासचा दाब पकड देतो, परंतु तीक्ष्ण दगडावर कडेशी गाठ पडते. टायरच्या आत फेसाळ पट्टी बसविली तर काही आघात तिच्यावर थोपविले जातात.

हब : बंद बेअरिंगची हबे मातीत सोयीची, कारण बेअरिंग झिजले की नवे ठोकता येते. कोन व छर्ऱ्यांची हबे वेळच्या वेळी साफ करून वंगण भरल्यास फार काळ चालतात. फ्रीहबमध्ये (पेडल थांबले तरी चाक फिरू देणाऱ्या मागच्या हबच्या भागात) खिट्ट्यांची किंवा दोन दातेरी कड्यांची पकड असते. कड्यांच्या प्रकारात सर्व दात एकदम गुंततात. छत्तीस दातांचे कडे दहा अंशांत व ५४ दातांचे सु. ६.७ अंशांत पकड घेते. लहान दातांच्या बारीक पकडीपेक्षा मोठे दात दमदार ठरतात. फ्रीहबचे अंग ॲल्युमिनियमचे असून कॅसेटची चक्रे सुटी असतील, तर चक्रे त्यात खाचा पाडतात.

बांधणी : यंत्राने विणलेल्या चाकांचा ताण अनेकदा कमी व विषम असतो, हाताने पूर्ण केलेली चाके यात सरस ठरतात. एकाच बाजूच्या स्पोकांचा ताण एकमेकांशी जुळता आहे का, हे ताणमापकाने पाहतात. तो नसल्यास स्पोक छेडून आवाजाची तुलना करतात. बांधल्यावर जोडीजोडीने स्पोक हाताने जोरात दाबल्यास वाकातील अवशिष्ट ताण कमी होतो व स्पोक आपल्या जागी बसतात. काही फेऱ्यांनंतर आउट पुन्हा तपासावा. एका चाकात एकामागून एक स्पोक तुटू लागले, तर ते सगळे बदलणे श्रेयस्कर.

मानके : आयएसओ ४२१० या मानकाच्या सातव्या भागात चाके व रिमा यांच्या चाचण्या आहेत. एएसटीएम एफ २०४३ हे अमेरिकन मानक सायकलींची वापरानुसार वर्गांत विभागणी करते. तिसऱ्या वर्गात सु. ६१ सेंमी. पर्यंतच्या व चौथ्यात १२२ सेंमी. पर्यंतच्या उड्या गृहीत धरतात. पाचव्यात उताराच्या शर्यती व मोठ्या उड्या येतात. अनेक निर्माते चाकावर हा वर्गांक व स्वाराच्या वजनाची मर्यादा छापतात. रिमवरच्या आघाताच्या चाचण्या मात्र निर्मात्यागणिक वेगळ्या असून त्यांचे आकडे परस्परांशी जुळविता येत नाहीत.